बारा म्हशी, तीन डाक्टर आन् एक बॅटरीची गाडी

तुम्ही म्हणशीला, तानाबाई फेकती. फेकू दे की! दिवाळीच्या पाडव्यादिवशी राजारामपुरीत जे झालं ते मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, ह्या हातानं उचललंय, आन् माझ्या लुगड्याचा वास तीन धुण्यांत बी गेला न्हाय. तवा मधी कुणी बोलायचं न्हाय. आधी ऐकायचं.

आमची गल्ली राजारामपुरीच्या मागच्या अंगाला. दारात बारा म्हशी. सकाळी लोक पेला घेऊन रांगेत उभं ऱ्हात्यात, मी समोर धार काढती आन् त्यांनी फेसासकट दूध तितंच प्यायचं. आमचं ह्ये, नाव घ्यायचं म्हटलं तर गुंडू गवळी, ते म्हशी पळवण्यात नाद खुळा. आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून पळवत्यात, ठावं असंल तुम्हास्नी. शिंगं रंगवायची, तेलानं अंग चमकवायचं, मोरपीस, कवड्यांच्या माळा, आन् म्होरं मालकानं फटफटी हाणायची. म्हशीनं बिनदाव्याची मागनं पळायचं. जिची चाल फुटत न्हाय, म्हंजे जी मालकाची पाठ सोडत न्हाय, तिच्या मालकाला चौकात फेटा. ह्यांनी तेवीस पाडवं रंभेच्या आईला आन् मग रंभेला पळिवलं, पर फेटा काय डोक्यावर चढला न्हाय.

तर आखाडात म्हापालिकेची नोटीस आली. गोठ्यातलं शेण गटारीनं नदीला जातंय म्हणून. आता खोटं कशाला बोलू? जातच व्हतं. सासूबाईंपासनं तीच रीत. पाण्याचा पाईप धरला की शेण गटारीत, गटार नाल्यात, नाला पंचगंगेत, आन् आम्ही हात धुऊन मोकळं. नोटिशीत लिवलं व्हतं, पाडव्याला कमिटी येणार. त्या दिवशी गटारीत न्हाईतर रस्त्यावर शेण दिसलं, तर आठ दिसात गोठा शहराबाहीर.

बाहीर म्हंजे कुठं? पेला घेऊन लोक काय माळावर येणार व्हय? म्हशी इकाव्या लागल्या असत्या, सरळ गोष्ट. मी रंभेच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. तिनं माझं निम्मं डोकं चाटलं.

तवा आली ती कॉलेजातली तिघं. तिघंबी डाक्टर! मी म्हटलं, लई बेस, म्हशीस्नी एक डाक्टर मिळंना, हितं तीन आलं. तर कळलं की त्यातल्या एकालाच इंजेक्शन येतंय. त्यो उजैर, जनावरांचा डाक्टर, आपल्यातलाच, कसबा बावड्याचा. दुसरी इरावती म्याडम, ती गॅसची डाक्टर. तिनं आमच्या परड्यात शेणाची टाकी पुरली. शेण टाकीत घालायचं, त्याचा गॅस व्हणार, गॅसवर इंजिन फिरणार, इंजिनावर लाईट, आन् उरल्याला काला माझ्या भावाच्या कुरुंदवाडच्या भाजीला खत. आन् तिसरी अवंतिका. ती कसली डाक्टर इचारलं तर म्हणाली, "मावशी, मी माणसांशी बोलते." मी म्हटलं, मग मी बी डाक्टरच की ग!

आठवडाभर गॅस झकास. निळा जाळ, त्यावर चहा. आन् शुक्रवारी वही घेऊन तिघं तपासायला आली की जाळ गुल. दुसऱ्या शुक्रवारी बी तसंच. एरवी पेटणार, पावणं आलं की इझणार! मला तर वाटलं टाकीला दृष्ट लागतीया, मी तिच्यावरनं मीठमोहऱ्या बी उतरल्या.

इरावती म्याडमचा पारा चढला. पाईप खोलला, नळ खोलला, टाकीला कान लावून बसली. मग म्हणाली, "उजैर, तुझ्या म्हशींचं शेणच निकृष्ट आहे."

उजैर डाक्टर खवळला. "म्हशीच्या शेणाला नाव ठेवायचं न्हाय हं. दात बघा, पोट बघा, सगळं फस्क्लास हाय. तुमची टाकीच फुटकी."

"टाकी फुटकी? मी दोन वर्षं राबले त्या टाकीच्या आराखड्यावर!"

"मग मी काय गोठ्यात झोपा काढल्या?"

असली जुंपली दोघांची! आमचं ह्ये मधी पडायला गेलं, तर दोघंबी ह्यांच्यावर घसरली. अवंतिका मात्र गप माझ्याजवळ येऊन बसली. ती सदा एक बारकं रेकॉर्डर चालू करून पदराला लावल्यागत ओढणीला लावायची. म्हणाली, "मावशी, शुक्रवारी आम्ही यायच्या आधी तुम्ही काय काय करता? उठल्यापासून सांगा."

मी सांगितलं. उठती, धारा काढती, शेण भरती. मग तुम्ही येणार म्हणून गोठा धुती. चांगला दोन बाटल्या फिनेल वतून. पावण्यास्नी वास याला नगं म्हणून.

उजैर डाक्टरनं कपाळावर हात मारला. "आगा गा गा! मावशी, ते पाणी कुठं जातं?"

"कुठं म्हंजे? गटारीत सोडायचं न्हाय म्हणालासा, तवा टाकीत."

मग दोघंबी एकदम बोलाय लागली. टाकीत बारकं जीव असत्यात म्हणं, डोळ्यास्नी न दिसणारं, तेच शेण खाऊन गॅस करत्यात. मी उठलेच. "टाकीत किडं हायत? मग आधी का न्हाय सांगितलंसा? अजून दोन बाटल्या वतते की!"

"नको!" तिघं अशी किंचाळली की रंभेनं दावं तोडलं.

मग अवंतिकानंच समजावलं. "मावशी, दुधाला विरजण लावता ना? त्या विरजणात फिनेल ओतलं तर दही लागेल का?" आता हे पैल्याच दिवशी सांगितलं असतं तर! मी सात शुक्रवार ज्या जिवांच्या जिवावर गॅस जळायचा त्यांचाच मुडदा पाडत व्हते, आन् ते बी पावण्यांच्या मानापायी. मला हसावं का रडावं कळंना. मी दोन्ही केलं.

त्या दिसापास्नं भांडण मिटलं. शेणातलं इरावतीला कळत नव्हतं, टाकीतलं उजैरला कळत नव्हतं, आन् मला इचारायचं दोघांच्या बी डोक्यात आलं न्हवतं. आता तिघंबी सकाळी माझ्या कट्ट्यावर एकाच चुलीचा चहा पिऊन एकमेकांच्या वहीत नाक खुपसायला लागली. गटार कोरडी ठक्क झाली. मी तर शेणाचा पो पडायच्या आधी घमेलं धरायला लागले.

मग इरावती म्याडमच्या डोक्यात नवीन किडा. म्हणाली, पाडव्याला कमिटीम्होरं रंभा पळवायची, पर बॅटरीच्या गाडीमागं. म्हंजे म्हशीच्याच शेणावर चार्ज झाल्याली गाडी, तिच्याच म्होरं! ह्यांचं तोंड एरंडेल प्याल्यागत झालं. "आवाज न्हाय, धूर न्हाय, ही काय गाडी हाय? ह्याच्यापेक्षा मी पाट घेऊन पळतो."

पर गोठ्यासाठी बसलं बिचारं. गाडी सुरू केली. रंभेनं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आन् खाली बसली. बरोबरच हाय की! ह्यांची फटफटी बिनसायलेन्सरची. तिचा आवाज ऐकला की रंभा भर बाजारात वळखायची. उजैर डाक्टर म्हणाला, "म्हस डोळ्यानं न्हाय, कानानं मालक धरती." तवा अवंतिका ओरडली, "तो आवाज माझ्या रेकॉर्डरवर आहे!" ह्यांनी तिला रंभेच्या आईचा अख्खा इतिहास सांगितला व्हता, आन् सांगताना मागं फटफटी चालूच ठेवली व्हती. इतिहास काढून टाकला, फटफट ठेवली. गाडीच्या सीटखाली एक डबा बसवला, हँडलला लाल बटण. बटण दाबलं की डब्यातनं हळू आवाजात फट् फट् फट् फट्. रंभेचं कान उभं. उठली की! आन् रंभा उठली की मागच्या अकरा उठणारच, त्यांची ती म्होरकी. परड्यात गाडी गोल फिरली आन् बारा म्हशी मागनं गोल फिरल्या. आम्ही सगळी येड्यागत टाळ्या पिटत व्हतो. ह्यांनी सुद्धा पिटल्या, लपून.

पाडवा उजाडला. म्हशी आंघोळ घालून, तेल लावून, गोंडं बांधून अशा उभ्या की दृष्ट लागावी. इरावती म्याडम नव्या जरीच्या साडीत, उजैर पांढऱ्या झब्ब्यात, अवंतिका हिरवीगार. कमिटीचं मोठं सायेब आलं, उदयसिंह म्हणून. कडक इस्त्री, चेहरा त्याहून कडक. संगट एक कारकून, काखेत वही. सायबांनी गटार वाकून बघितली. टाकी बघितली. नाकाला रुमाल लावून जाळ बघितला.

शेवटाला त्यांनी गाडी बघितली. म्हणालं, "ही शेणावर चालते? शक्य नाही. मी स्वतः चालवून बघतो."

आन् बसलं. आम्ही खुशीत एकमेकांकडं बघितलं. कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय की मिरवणुकीसाठी ह्यांनी म्हशींची दावी नुकतीच सोडल्याली. सायबांनी चावी फिरवली. गाडी चालू झाली का न्हाय तेच कळंना, आवाजच न्हाय! तवा त्यांनी चालू करायचं समजून लाल बटण दाबलं.

फट् फट् फट् फट्.

रंभेनं मान वर केली. सायबांनी हँडलाचा कान पिळला, गाडी सुटली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी मागं वळून बघितलं, आन् बारा म्हशी शिंगं खाली घालून त्यांच्याच मागं! "अरे! अरे! हाड!" सायबांनी गाडी पळवली. गाडी जोरात, तर म्हशी जोरात. ह्ये वरडतंय, "सायेब, बटण बंद करा!" पर सायबांच्या कानात आमचं कशाला शिरतंय? गेले की राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्याला!

पाडव्याचा दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूला लोक म्हशी बघायलाच उभं. त्यास्नी काय ठावं? त्यांनी बघितलं की इस्त्रीच्या कपड्यातलं कोण तरी बिनआवाजाच्या गाडीवर, आन् मागं एका ओळीत बारा म्हशी, चाल कुठं फुटंना. अशा शिट्ट्या, असा गुलाल! "नाद करा, पर आमचा कुठं!" म्हणून पोरं नाचाय लागली. सायेब "वाचवा, वाचवा" म्हणत व्हतं, लोकांस्नी वाटलं घोषणाच हाय.

मी हसत मागनं पळत व्हते, आन् पळता पळता पायाखाली बघितलं. शेण! भर रस्त्यात, दवाखान्याच्या दारात, परातीएवढा पो. माझं हसू जागच्या जागी गोठलं. रस्त्यावर शेण दिसलं तर गोठा बाहीर. आन् सायबांस्नी याच रस्त्यानं परत यायचं व्हतं.

"मुडदा बशिवला! घमेली आणा!" मी बोंब मारली.

आन् मग जे झालं, त्याला काय म्हणू? तिन्ही डाक्टर घमेली घेऊन पळत आली. उजैर डाक्टर पळता पळता सांगत व्हता, "तांबडी शिंगं उजव्या अंगानं पळती, घाबरली की लगीच टाकती, तिकडं बघा! कैरी म्हस कोपऱ्यावर वळताना! रंभा अजून न्हाय, ती दारात आल्याबिगर टाकत न्हाय!" इरावती म्याडम बोटावर हिशेब करत, "एका म्हशीचं एवढं, बारांचं एवढं, तीन घमेल्यांत मावणार नाही, मावशी तुमच्या पाट्या आणा, हा उतार आहे, तिकडून वाहण्याआधी उचला!" आन् अवंतिका दुकानदुकानात शिरून, "काका, म्हशीनं कुठं कुठं टाकलं? दाखवा ना!" तिच्या तोंडाकडं बघून सोनाराच्या पेढीवरनं माणसं फाटकं पोतं घेऊन मदतीला आली. पेढीवरनं! क्लासची पोरं उतरली, रिक्षावाल्यांनी रिक्षा आडव्या लावून रस्ता धरला. इरावती म्याडमनी जरीचा पदर कमरेला खवला आन् दोन्ही हातानं ओंजळभर शेण उचललं. मी म्हटलं, "म्याडम, साडी!" ती म्हणाली, "मावशी, साडी राहू दे, तिकडं दहावा पडलाय!" मला त्या पोरीचा असा उमाळा आला की तितंच तिला मिठी मारावी वाटली. दोघींचं हात भरल्यालं, म्हणून ऱ्हायलं.

तिकडं चौकात काय झालं ते ह्यांनी सांगितलं. गर्दीनं रस्ताच मिटला, तवा सायबांनी गाडी थांबवली आन् डोळं मिटून घेतलं. शिकवल्याप्रमाणं बारा म्हशी त्यांच्या डाव्या अंगाला येऊन, एका ओळीत, थांबल्या. रंभेनं तोंड त्यांच्या खांद्यावर ठेवलं. आन् चौकात असा कल्ला! पंचांनी माइक घेतला. सायेब म्हणत व्हतं, "अहो, मी मालक नाही." पंच म्हणालं, "पावणं, लाजू नगा. म्हस ज्याच्या मागनं आली, त्यो तिचा मालक. हितला कायदा त्योच!" आन् सायबांच्या डोक्यावर पैल्या नंबराचा भगवा फेटा बांधला.

ह्ये धापा टाकत तवाच तिथं पोचलं व्हतं. तेवीस वर्सं ज्याची वाट बघितली त्यो फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर. म्हशी ह्यांच्या, आवाज ह्यांच्या गाडीचा. एका शब्दानं सांगता आलं असतं. पर सायबांच्या हातात आमचा गोठा. ह्यांनी ओठ दाबून धरला आन् सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

मग ह्यांनी सायबांस्नी बटण कसं बंद करायचं आन् कसं चालू करायचं ते दावलं. आन् सांगू का, परत येताना सायबांनी ते आपणहून चालू केलं. सावकाश, राजागत, फेट्याचा शेमला उडवत आलं की गल्लीत. येताना मान डावीकडं, उजवीकडं. आम्ही दारात उभी, कोपरापतूर शेणानं माखल्याली. रस्ता असा लख्ख की त्यावर जेवावं. सायेब उतरलं. रुमालानं घाम पुसला. म्हणालं, "माझ्या ऑफिसात घंटा वाजवली तर शिपाई सुद्धा माझ्यामागं येत नाही." आन् रंभेच्या कपाळावरनं हळूच हात फिरवला.

मी म्हटलं, झालं! सुटलो बया! आन् रंभेनं शेपूट वर केली.

पच्च. कमिटीच्या खुर्चीम्होरं, भर रस्त्यात. सगळी घमेली परड्यात, टाकीपाशी. कुणाला हलता येईना. कारकुनानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "सायेब, सार्वजनिक रस्त्यावर शेण. नोटिशीप्रमाणं नोंद करावी लागंल. म्हशीच्या मालकाचं नाव?"

ह्यांनी एक पाऊल म्होरं टाकलं. तोंड पांढरंफटक. "लिवा," म्हणालं, "गुंडू..."

"थांबा," सायेब म्हणालं. कारकुनाकडं वळलं. "मालकाचं नाव मला काय विचारता? आत्ता भर चौकात माइकवर सांगितलं. साऱ्या राजारामपुरीनं ऐकलं. तुम्हीच ऐकलं नाही?"

आन् त्या माणसानं इस्त्रीच्या बाह्या कोपरापतूर वर सारल्या. वाकलं. दोन्ही हातांनी शेण उचललं, आमच्या बायका उचलत्यात तसं, खालनं हात घालून, एक थेंब सांडू न देता. परड्यात गेलं आन् टाकीत घातलं. इरावती म्याडम तोंडावर हात धरायला गेली, हाताचं शेण आठवलं, तशीच उभी ऱ्हायली.

"आता लिहा," सायेब तितनंच वरडलं. "शेण पडलं. मालकानं उचललं. टाकीत गेलं. रस्ता साफ, गटार साफ. गोठा आहे तिथेच राहील. आणि नोटीस द्या इकडे." त्यांचं हात भरल्यालं, माझं बी, तरी नोटीस मीच घेतली आन् चुलीत घातली.

काय झालं मला कुणास ठावं, मी मटकन खाली बसले आन् भोकाड पसरलं. उजैर डाक्टर हसत व्हता, अवंतिका रडत व्हती, इरावती म्याडम दोन्ही करत व्हती. बारा म्हशी आपल्या खुंट्याला जाऊन गप उभ्या.

सायेब माझ्याम्होरं आलं आन् मान खाली घातली. "तानाबाई, माझे हात खराब आहेत. एवढा फेटा काढून घ्या, आणि ज्याचा आहे त्याच्या डोक्यावर ठेवा. मला सगळं कळतंय."

मी उठले, हात पदराला पुसलं, फेटा उतरवला आन् ह्यांच्या डोक्यावर ठेवला. ह्ये दोन्ही हातानं त्यो धरून उभं ऱ्हायलं. मग, "लई ढिला बांधलाय, लेकाच्यांनी," म्हणून कुरकुरत रंभेकडं तोंड करून वळलं, आन् बराच येळ आमच्याकडं वळलंच न्हाय.